वेळेनंतरचा स्वल्पविराम

माझे यजमान सांगलीच्या एका हायस्कुलात इंग्रजी शिकवत. मी लग्न होऊन साताऱ्याहून आले तेव्हा त्यांनी तिशी ओलांडली होती आणि मी अठरा-एकोणीसची होते. माझं शिक्षण इंग्रजी चौथीपर्यंत झालेलं. पुढे वडील वारले आणि भावानं शाळा बंद केली. सासरी सासू-सासरे कुणी नव्हते. दोन खोल्या, मागे मोरी, आणि खिडकीला लागून हळदीची वखार. आमच्या कपड्यांना, अंथरुणाला, अगदी ताकालासुद्धा हळदीचा वास यायचा.

ते मितभाषी होते. पण व्याकरणाचा विषय निघाला की खुलत. त्यातही एक गोष्ट त्यांच्या फार जिव्हाळ्याची होती, इंग्रजी वाक्याच्या तोंडाशी येणारी वेळ. मराठीत आपण ‘पाऊस थांबल्यावर मुलं बाहेर पडली’ असं एका दमात लिहून मोकळे होतो. इंग्रजीत तसं चालत नाही, ते म्हणत. ‘आफ्टर द रेन स्टॉप्ड’ झालं की स्वल्पविराम, आणि मग ‘द चिल्ड्रन वेन्ट आउट’. वेळ एका शब्दाची असेल, ‘यस्टर्डे’ किंवा ‘नाउ’, तर चिन्ह नसलं तरी कुणी फाशी देत नाही. तीच वेळ वाक्याच्या शेवटी गेली तर चिन्हाचं काम नाही. पण लांबलचक वेळ पुढे आली की तिच्यापाशी थांबायचंच.

लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात एकदा ते वह्या तपासता तपासता एकटेच हसायला लागले. मी स्वयंपाकघरातून बाहेर आले. एका मुलानं लिहिलं होतं, ‘बिफोर कुकिंग माय मदर वॉशेस हर हँड्स.’

“कळलं का?” त्यांनी विचारलं.

“स्वयंपाकाआधी आई हात धुते.”

“तसं त्याला म्हणायचंय. पण ‘कुकिंग’नंतर तो थांबलेला नाही. आता वाचणारा काय वाचतो? ‘बिफोर कुकिंग माय मदर.’ माझ्या आईला शिजवण्याआधी!”

मीही हसले. त्यांनी लाल शाईत टाक बुडवला आणि स्वल्पविरामाचा तो एवढासा आकडा असा जपून काढला, जसं गंध लावावं. त्यांना इतकं मोकळं हसताना मी पुढे फार थोड्या वेळा पाहिलं.

डोळ्यांचं पहिल्यांदा मला कळलं नाही. ते दाराच्या चौकटीला खांदा घासून जायचे, मला वाटायचं घाईत आहेत. पाटाशेजारी ठेवलेला तांब्या लाथाडला जायचा, मला वाटायचं मीच वाटेत ठेवला. डोकं दुखायचं तेव्हा सुंठ उगाळून लावायचे. एकदा दिवा लावल्यावर त्यांनी सहज विचारलं, “तुला दिव्याभोवती रंगीत कडं दिसतं का?” मी नाही म्हटलं.

शेवटी मिरजेला गेलो. तिथल्या गोऱ्या डॉक्टरांना मोडकं मराठी येत होतं. त्यांनी काचबिंदू असल्याचं सांगितलं, डोळ्यांत घालायला थेंब दिले, एका डोळ्याचं ऑपरेशनही केलं. पट्टी सोडल्यावर म्हणाले, “तुम्ही उशीर केला. गेलेलं परत येत नाही. राहिलेलं किती राहील, मी सांगत नाही.” तेव्हा ह्यांना फक्त नाकासमोरचं दिसत होतं, बांबूच्या नळीतून बघावं तसं. आजूबाजूला सगळं धुकं.

परतीच्या गाडीत आमच्या डब्यात लष्करात भरती व्हायला निघालेली पोरं होती, मोठमोठ्यानं बोलत होती. त्या गलक्यात ते माझ्या कानाशी वाकून म्हणाले, “शाळेत कळता कामा नये. कळलं की नोकरी गेली.”

“पण वह्या?”

“वह्या तू वाचायच्या.”

असं आमचं सुरू झालं. लढाईमुळे रॉकेल मिळत नव्हतं, म्हणून वाचायचं ते दिवसाउजेडी. रविवारी सकाळपासून आणि इतर दिवशी ते शाळेतून आल्याबरोबर. मी जमिनीवर बसायची, वह्या पाटावर रचायची आणि मोठ्यानं वाचायची. ते भिंतीला टेकून डोळे मिटून ऐकायचे. शब्द चुकला की लगेच पकडायचे. पण स्वल्पविरामाशी अडायचं.

“थांबलीस. इथे त्यानं चिन्ह दिलंय?”

“नाही. मला दम लागला.”

“मग तुझा दम मी मुलाच्या वहीत कसा धरू? चिन्ह असेल तिथेच थांब.”

ते मला जमेना. चिन्ह नसलं तरी जीभ अडायची आणि असलं तरी कधी घसरून जायची. मग त्यांनीच तोड काढली. स्वल्पविराम दिसला की मी बोटाच्या पेरानं पाटावर एक टिचकी मारायची. ‘इन द मॉर्निंग’, टक, ‘आय गो टू द रिव्हर.’ टिचकी ऐकू आली की ते मान हलवायचे. आली नाही की म्हणायचे, “वेळ झाली, टिचकी नाही. लाल कर.” मी लाल करायची. त्यांच्या अक्षराचं वळण मी उचललं, शेऱ्याखालच्या सहीचंसुद्धा. वर्षभरात माझं इंग्रजी असं सुधारलं की काही चुका ते बोलायच्या आधीच मला दिसायच्या. पण मी गप्प राहायची. ते बोलेपर्यंत टाक उचलायची नाही.

वर्गात ते कसं भागवत होते ते मला त्यांच्याकडूनच कळायचं. धडे पाठ झालेले होते. पुस्तक मुलांकडून वाचून घ्यायचे. फळ्यावर लिहायचे तेव्हा डावा हात ओळीच्या सुरुवातीला टेकवून ठेवायचे, म्हणजे पुढची ओळ पहिलीवर चढायची नाही. मुलांच्या ध्यानात आलं नसेल असं नाही. त्यांच्या वाटेतला बाक कुणीतरी रोज बाजूला सारून ठेवतं, असं ते एकदा म्हणाले. ते बोलताना त्यांचा चेहरा आनंदी नव्हता.

मग बेचाळीसचा ऑगस्ट आला. मुंबईत पुढाऱ्यांना धरल्याची बातमी आली आणि गावोगावच्या शाळांतून मुलं बाहेर पडू लागली. आमच्या रस्त्यावरूनही मिरवणुका जायच्या. मी खिडकी लोटून घ्यायची.

एके दिवशी दुपारी पाऊस कोसळत होता. दाराशी टांगा थांबला. उतरले ते हेडमास्तर, आणि त्यांनी ह्यांचा हात धरलेला होता. ह्यांचा हात कुणी धरलेला मी तोवर पाहिला नव्हता. मी धरू गेले तर झटकून टाकायचे. दोघेही चिंब भिजले होते. हेडमास्तर उंबऱ्याच्या आत येऊन उभे राहिले, बसले नाहीत.

“वहिनी,” त्यांनी मला विचारलं, “मास्तरांना किती दिसतं?”

मी ह्यांच्याकडे पाहिलं.

“मला विचारा,” हे म्हणाले. “मला समोरचं दिसतं.”

हेडमास्तरांनी डोक्यावरची टोपी काढली आणि त्यांच्यासमोर धरली. “माझ्या हातात काय आहे?”

ह्यांनी मान जरा एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला वळवून पाहिली. टोपीतून पाणी गळत होतं.

मग हेडमास्तरांनी घडलेलं सांगितलं. माणूस वाईट नव्हता. त्यांना सांगतानाही जड जात होतं. ह्यांचा तास शाळेच्या मागच्या, पत्र्याच्या वर्गात होता. पावसानं पत्र्यावर असा धडाका लावला होता की शेजारचं बोलणं ऐकू येऊ नये. हे फळ्याकडे तोंड करून लिहीत असताना मुलं एकेक करून उठली, अनवाणी, आणि बाहेर पडून मिरवणुकीला मिळाली. सगळा वर्ग गेला. हेडमास्तर मुलांना अडवायला धावत आले तोवर उशीर झाला होता. ते दारात पोचले तेव्हा हे फळ्याकडे पाठ करून उभे होते आणि रिकाम्या बाकांना समजावून सांगत होते की वेळ वाक्याच्या आधी आली की थांबायचं असतं. पत्र्याच्या आवाजावर मात करायला घसा ताणून ओरडत होते.

“मी हाक मारणार होतो,” हेडमास्तर म्हणाले. “पण दारातच थांबलो. मग ह्यांनी एका मुलाचं नाव घेऊन त्याला उभं राहायला सांगितलं. उत्तर आलं नाही. ह्यांनी परत विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मला राहवेना.”

हे भिंतीकडे तोंड करून उभे होते. “झालं ना सांगून?” ते म्हणाले.

“मास्तर, मला वर कळवावं लागेल. वर्गात काही बरंवाईट झालं तर जबाबदारी माझी आहे.”

“कळवा.”

हेडमास्तर गेल्यावर मी कोरडं धोतर पुढे केलं. त्यांनी ते घेतलं नाही. ओल्या कपड्यांतच पाटावर बसले. मी त्यांच्या खांद्यावर पंचा टाकला, तो त्यांनी ओढून खाली टाकला. “शाळेतलं पोर न् पोर आता हसत असेल,” एवढंच म्हणाले.

पोरं हसत नव्हती. काही पकडली गेली होती, काही गावाकडे पळाली होती. पाऊस ओसरल्यावर विट्याकडचा एक विद्यार्थी घरी आला. शेतकऱ्याचा मुलगा, बोर्डिंगात राहून शिकणारा, अंगानं थोराड. तो दारातच उभा राहिला.

“सर, चुकलं आमचं,” तो म्हणाला. “पण आमी पाय वाजिवलं न्हाईत. घोषणा बी दिली न्हाई. तुमास्नी वाईट वाटू नये म्हणून गुपचूप गेलो.”

“घोषणा देत गेला असतात तर बरं झालं असतं,” हे म्हणाले. “मला कळलं तरी असतं.”

तो मुलगा रडायला लागला. मी त्याला चहा देऊ केला, त्यानं घेतला नाही. तो गेल्यावर ह्यांनी विचारलं, “रडत होता का?” मी हो म्हटलं. “मूर्ख आहे,” ते म्हणाले. पण त्या दिवशी ते जेवले नाहीत.

सहामाही परीक्षेच्या आत त्यांना शाळा सोडावी लागली. शिकवण्या करायचं ठरवलं. दोघे-तिघे यायचे, तेही एकेक करून थांबले. आंधळ्या मास्तरापुढे मुलगा खुशाल झोपा काढील, असं एका पालकानं मला रस्त्यात तोंडावर सांगितलं. अखेर माझा भाऊ आला आणि आम्हाला साताऱ्याला घेऊन गेला.

भाऊ कोर्टात कारकून होता. घर लहान, त्याची मुलं तीन, त्यात आम्ही दोघं. भावजय तोंडानं काही म्हणायची नाही, पण भांडी आदळायची. आपण इथे किती दिवस खायचं, हा प्रश्न मला पहिल्याच आठवड्यात पडला. मी भावाला म्हटलं, “मी मॅट्रिकला बाहेरून बसते. पास झाले तर मुलींच्या शाळेत काम मिळेल.”

भाऊ बिचकला. हे कोपऱ्यात बसले होते. ते म्हणाले, “बसू दे. इंग्रजी मी बघतो.”

ते दिवस बरे जातील अशी मला आशा वाटली होती. त्यांना पुन्हा शिकवायला मिळणार होतं आणि मला शिकायला. पण आता वह्या मुलांच्या नव्हत्या, माझ्या होत्या. मी लिहायची आणि मीच वाचून दाखवायची. टिचकी वाजली की त्यांना संशय यायचा.

“हे तू लिहिलंयस, की मला ऐकवायला आता वाजवलंस?”

“लिहिलंय.”

“मी बघू शकत नाही, म्हणून काहीही सांगतेस.”

“भाऊला दाखवा हवं तर.”

“त्याला काय कळतंय!”

एकदा मी एक निबंध वाचत होते. त्यात लागोपाठ चार-पाच वाक्यं वेळेनं सुरू झाली होती आणि एकही चूक नव्हती. ते ऐकत राहिले आणि अचानक दौत उचलून त्यांनी भिंतीवर फेकली. भाचा जवळच खेळत होता, तो किंचाळला. शाई त्याच्या अंगरख्यावर उडाली. भावजयीनं मुलाला उचलून आत नेलं आणि त्यानंतर मुलांना आमच्या खोलीत येऊ दिलं नाही. मी भिंत पुसली. डाग राहिला. त्या रात्री माझ्या मनात आलं की चूक नव्हती, हेच त्यांना सहन झालं नसावं. पुढे मी मुद्दाम एखादी चूक ठेवून पाहिली. त्यांनी ती पकडली आणि म्हणाले, “हे तू मुद्दाम केलंस.” मग मी त्यांच्यासमोर वाचणंच बंद केलं. माडीवर बसून एकटी अभ्यास करायची.

मी पास झाले. इंग्रजीत चांगले गुण पडले. भावानं पेढे आणले. मी एक ह्यांच्या हातावर ठेवला आणि गुण सांगितले.

“परीक्षक ढिले झालेत,” ते म्हणाले. पेढा त्यांनी हातातच ठेवला. नंतर पाहिला तर उशाशी मुंग्या लागल्या होत्या.

मला मुलींच्या शाळेत खालच्या वर्गांवर जागा मिळाली. मराठी आणि शिवण. सकाळी मी निघायची तेव्हा ते जागे असूनही बोलायचे नाहीत. संध्याकाळी आल्यावर शाळेबद्दल कधी विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही.

याच काळात राहिलेली दृष्टीही गेली. उजेड आणि अंधार यांतला फरकसुद्धा मिटला. त्याबरोबर त्यांचं वेळेचं भान सुटलं. दिवसभर विचारायचे, “आता काय? सकाळ की दुपार?” भावजय सुरुवातीला सांगायची, मग कंटाळली. मुलं दाराबाहेरून खोटंच सांगायची. दुपारी ‘सकाळ झाली’ म्हणायची, की हे उठून चूळ भरायचे, कोट अंगात घालायचे. एकदा तसेच बाहेर पडले. मी शाळेतून आले तेव्हा ते घरात नव्हते. भाऊ आणि मी शोधत निघालो. पोवई नाक्याच्या बाजूला एका सायकलवाल्याच्या दुकानात त्यांना बसवून ठेवलेलं होतं. दुकानदार मुसलमान गृहस्थ होते, वयस्क. त्यांनी ह्यांना पाणी दिलं होतं, सावलीत बसवलं होतं.

“बाई, मास्तर गाडीखाली आले असते,” ते म्हणाले. “म्हणत होते, घंटा व्हायची आहे.”

मी हात धरला. या वेळी त्यांनी झटकला नाही. घरापर्यंत माझ्या हाताला हात देऊन चालले. वाटेत एकदाच बोलले. “लोक बघतायत का?”

“नाही,” मी म्हटलं. लोक बघत होते.

त्या पौषात थंडी फार होती. मी शाळेत असताना ते मोरीत गेले आणि बादलीतलं गार पाणी अंगावर ओतून घेत राहिले. मुलांनी ‘उन्हाळ्याची दुपार आहे’ असं सांगितलं होतं, असं भावजय म्हणाली. मुलं नाही म्हणाली. खरं काय ते मला कधी कळलं नाही, आणि पोरांना मारून उपयोगही नव्हता. ताप चढला, छाती भरली. डॉक्टर न्यूमोनिया म्हणाले. मी शाळेतून रजा घेतली आणि उशाशी बसून राहिले.

शेवटच्या दिवशी ते शुद्धीवर आले. माझा आवाज ओळखला.

“आता काय?”

“दुपार आहे.”

“खरं सांगतेस?”

“खरं.”

त्यांनी मान फिरवली. त्यांचा विश्वास बसला नाही, हे मला दिसलं. मी उठून खिडकी उघडली. ऊन आत आलं, त्यांच्या तोंडावर पडलं. मला वाटलं, ऊन लागलं की पटेल. पण तोवर ते झोपले होते. त्यातून ते उठले नाहीत.

दिवसकार्य झाल्यावर मी शाळेत परत गेले. मुख्याध्यापिका प्रेमळ होत्या, पण स्पष्ट बोलणाऱ्या. त्यांनी मला खोलीत बोलावलं.

“वरच्या वर्गांच्या इंग्रजीच्या बाई नागपूरला चालल्या आहेत,” त्या म्हणाल्या. “ते काम तुम्ही घ्या. तुमच्याइतकं व्याकरण इथे कुणाचं पक्कं नाही.”

मी बरं म्हटलं. त्या थोडा वेळ टेबलावरचे कागद सारखे करत राहिल्या.

“आणखी एक. तुमचं हे पांढरं लुगडं. कपाळ मोकळं आहे, हात मोकळे आहेत, त्याला माझं काही म्हणणं नाही. पण काही पालकांनी तक्रार केली. सकाळी पहिल्या तासाला मुलींना हे बघावं लागतं म्हणून. फिकट निळं, मोतिया, असं काही नेसता येईल का?”

मी नेसते म्हटलं. भावजयीला ते पसंत पडलं नाही. वर्ष उलटायच्या आत रंग, असं ती भावाला म्हणाली, मला ऐकू जाईल अशा आवाजात. मी तशीच पेठेत गेले आणि एक सुती, फिकट निळं लुगडं घेऊन आले. दुसऱ्या दिवशी ते नेसून वर्गात गेले तेव्हा मुली उभ्या राहिल्या. त्यांना बसायला सांगितलं आणि पुस्तक उघडायला लावलं.

त्याच उन्हाळ्यात मी भावाचं घर सोडलं आणि शाळेजवळ एक खोली घेतली.